न उघडलेली तार

आमच्या लहानपणी तारवाला दारात दिसला, की आजी कागद उघडायच्या आधीच पदर तोंडाला लावायची. तार म्हणजे कोणीतरी गेलं, हा हिशोब पक्का. इंग्रजी वाचणारे शेजारचे मास्तर येईस्तोवर घर अर्धंअधिक रडून झालेलं असे. एकदा तारेतून निघाली काकाला नोकरी लागल्याची बातमी. आजीने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला नसेल हो असं."

जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. माझ्यातली चालूच राहिली. ट्रंक कॉलची लांबलेली घंटा, लोकल चुकलेला मुलगा, साहेबांचं नुसतं "उद्या भेटा". दर वेळी कागद बंदच, आणि मजकूर माझा मीच लिहून मोकळी.

पुढे कि. मो. फडके यांचं लेखन वाचनात आलं. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. एलिस म्हणतात, घटना आणि भावना यांच्या मधे आणखी एक गोष्ट असते: त्या घटनेबद्दल आपण मनाशी धरलेली समजूत. वाचता वाचता मला आजीच दिसली. तिला तारेने कुठे रडवलं होतं?

मला पटलं ते हे, की एलिस खोटा धीर देत नाहीत. "काही होत नाही गं," हेसुद्धा न उघडलेल्या तारेवरच लिहिलेलं. ते विचारतात, पुरावा काय? आणि समजा झालंच वाईट, तर ते सोसवणारच नाही हे कशावरून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर घड्याळ आणि टाइमटेबल बघून देता येतं. दुसरा छळतो.

मग एका पहाटे खरंच तसा फोन आला. भावाला अर्धांगाचा झटका आला होता. जन्मभर तालीम केलेला प्रसंग, पण तालमीतलं काही म्हणता काही कामी आलं नाही. तिथे मी नुसती रडायचे. इथे जुनी फाइल शोधायची होती, एटीएम गाठायचं होतं, वहिनीला दोन घोट चहा घ्यायला लावायचा होता. ते सगळं झालं. दुःखही झालं, पोटभर. एलिसना त्याची हरकत नसतेच. त्यांचं भांडण "आता सगळं संपलं" या वाक्याशी.

भाऊ आता काठी टेकत हिंडतो. परवा रात्री अकराला त्याचा फोन. छातीत धस्स झालंच. ते काही जायचं नाही. "बोल रे," म्हटलं. उद्या एकादशी, साबुदाणा भिजवताना पाणी किती ठेवायचं, हे त्याला विचारायचं होतं.