स्पेक्ट्रम सांगतो तेवढंच

पावसाळ्यात नागपूरच्या आसपास सोयाबीनचं एखादं रोप उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडली, तर ती आतून गुलाबी निघते. तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. हे घडवणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराच्या गाभ्यात सात लोह, नऊ गंधक आणि एक मॉलिब्डेनम असे अणू एकत्र गुंफलेले असतात. हजारो अणूंच्या गर्दीत एकट्या धातूला गाठायचं, तर क्ष-किरण वर्णपटशास्त्रासारखं साधन नाही.

नागपूर विद्यापीठाला या विद्येचा वारसा आहे. प्रा. चिंतामणी मांडे पॅरिसला इव्हेत कोश्वा यांच्या परंपरेत शिकले आणि इथे त्यांनी क्ष-किरण वर्णपटाचं संशोधन रुजवलं. तेव्हा वर्णपट फोटोच्या फिल्मवर उमटत असे. आता आम्ही नमुने घेऊन इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर जातो.

लोह 7,112 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतं. आलेखात तिथे कडा उभी राहते. ती जराशी उजवीकडे सरकली, तर लोहाची ऑक्सिडीभवन अवस्था वाढलेली असते. कडेपुढच्या बारीक लाटा शेजारच्या अणूंवरून परतलेल्या इलेक्ट्रॉन-लहरींच्या. त्यांवरून अंतर 0.02 आंगस्ट्रॉमपर्यंत काढता येतं. पण शेजारी नायट्रोजन धरून गणित जुळवा, मग त्याजागी ऑक्सिजन घाला. रेघ जवळपास तितकीच चपखल बसते. आमच्या कामाची खरी कसोटी इथेच लागते.

नायट्रोजिनेजमधल्या मॉलिब्डेनमला गंधक आणि लोहाचा शेजार आहे, हे 1978 मध्येच या लाटांनी दाखवलं; स्फटिकरचना हाती आली ती 1992 मध्ये. सहा लोह-अणूंच्या मधोमध एक हलका अणू आहे हे 2002 मध्ये दिसलं, पण तो कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन, हा वाद नऊ वर्षं चालला. 2011 मध्ये लोहातून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांचा वर्णपट तपासला गेला, अधिक बारकाईची स्फटिकरचनाही आली, आणि दोन्हींनी कार्बनचाच कौल दिला.

म्हणून विद्यार्थ्यांकडे माझा एकच आग्रह असतो. अंतर लिहाल तर त्रुटी लिहा, आणि त्याच लाटांत बसणारे बाकीचे अणूही लिहा. नऊ वर्षांनी येणाऱ्याला पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो, तो अशा प्रामाणिक नोंदींमुळेच.