कळ बघता येते!

दुखणं बघता येतं! बाम न चोळता, कूस न बदलता नुसतं बघायचं, आणि बघता बघता ते पातळ होत जातं. इगतपुरीच्या धम्मगिरीवरून आल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर. आधी तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघणं, शिकवतात आणि मग सुरू होतं अधिष्ठान! तासभर डोळे उघडायचे नाहीत, हाताची घडी सोडायची नाही, मांडी मोडायची नाही. माझ्या डाव्या गुडघ्यात अशी कळ उठली की वाटलं, आता पाय गेला! सूचना एवढीच, की त्या संवेदनेकडे समतेने बघा. बघितलं. आणि काय सांगू, तिथे ‘गुडघेदुखी’ अशी एकसंध वस्तूच सापडेना! वाटीच्या कडेला धग, मागे ताण, मध्येच बारीक ठणका, तोही उठणारा, ओसरणारा, जागा बदलणारा. ‘सहन होत नाही, तास कधी संपणार’ हा मनातला कल्लोळ तर त्याहून निराळाच! तो निवला. धग राहिली, पण तिच्यासोबत बसता येत होतं. खरंच येत होतं!

घरी येऊन झपाटल्यासारखं वाचलं. ही विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी स्वतः ब्रह्मदेशात मायग्रेनने हैराण होते, मॉर्फिनपर्यंत मजल गेली होती. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना अशीच सजगता शिकवली. आणि २०११ चा संशोधक फादेल झैदान यांचा प्रयोग! माणसं मोजकीच, पंधरा. रोज वीस मिनिटं असं चारच दिवस ध्यान शिकवलं आणि पोटरीला ४९ अंशांचा चटका दिला. वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी, तिचा त्रास मात्र ५७ टक्क्यांनी! म्हणजे धग वेगळी आणि कल्लोळ वेगळा, हे आकड्यांतही दिसतं!

दुखण्याचं कारण डॉक्टरांकडून जरूर तपासून घ्या, चालू औषधं मनाने बंद करू नका. पण नेहमीची कळ पुन्हा येईल तेव्हा लगेच पाय हलवू नका. पाच मिनिटं तिच्याकडे बघा. ती कुठून सुरू होते, कुठे संपते, एका जागी थांबते का, हे शोधा. आजच करून बघा!