पाणी गेले तर? आयडाहोच्या ‘लॉफ्ट’ अणुभट्टीची कथा

१/ अणुभट्टी बंद केली म्हणून ती लगेच थंड होत नाही. विखंडनाची साखळी थांबते. पण मागे उरलेले किरणोत्सारी अणू उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने सुमारे दीड टक्का. थंड करणारे पाणीच निघून गेले, तर एवढ्यानेही गाभा वितळू शकतो.

२/ पाणी खरोखरच गेले तर काय होईल? अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९६० च्या दशकाच्या आरंभी हे प्रत्यक्ष प्रयोगाने पाहायचे ठरवले. आयडाहोच्या ओसाड पठारावरील राष्ट्रीय चाचणी केंद्रात ५० मेगावॉट औष्णिक क्षमतेची खरी अणुभट्टी उभारायची आणि तिच्यातले पाणी मुद्दाम घालवायचे, असा तो बेत. या प्रकल्पाचे नाव ‘लॉफ्ट’.

३/ मूळ योजना धाडसी होती. अणुभट्टी रुळांवरच्या गाड्यावर बसवायची, घुमटाच्या आत गाभा वितळू द्यायचा, किरणोत्सार कुठवर पसरतो ते मोजायचे आणि उरलेला सांगाडा ओढून तपासणीसाठी न्यायचा. अणुशक्तीवर उडणाऱ्या विमानाचा प्रकल्प १९६१ साली रद्द झाला होता. त्याचीच जागा आणि सामग्री येथे कामी येणार होती.

४/ पण बांधकाम चालू असतानाच प्रश्न बदलला. सुमारे २०० मेगावॉटची वीजकेंद्रे पाहता पाहता १,००० मेगावॉटकडे निघाली. एवढा मोठा गाभा वितळला तर बाहेरचे कवच टिकेलच, याची खात्री देता येईना. गाभा वितळूच न देणे हाच उपाय उरला. म्हणून १९६७ च्या सुमारास ‘लॉफ्ट’चे उद्दिष्ट पालटले. आता तपासायची होती आणीबाणीची शीतनव्यवस्था : नळी फुटताच बाहेरून सोडलेले पाणी गाभ्यापर्यंत पोहोचते का?

५/ आयोगातील अणुभट्टी विभागाचे प्रमुख मिल्टन शॉ यांनी आण्विक पाणबुड्यांच्या कामातील कडक शिस्त येथे लागू केली. प्रत्येक झडपेला आणि प्रत्येक जोडाला कागदोपत्री प्रमाण हवे. शिस्त योग्यच होती, पण वर्षे सरत गेली. दरम्यान वीजकंपन्यांची केंद्रे मात्र एकामागून एक सुरू होत होती.

६/ १९७०-७१ च्या हिवाळ्यात विजेने तापवलेल्या ‘सेमीस्केल’ या छोट्या प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. आणीबाणीचे पाणी गाभ्यात न शिरता फुटलेल्या नळीवाटेच बाहेर गेले. प्रतिकृती फार लहान होती, हे खरे. पण मोठ्या भट्टीत वेगळे घडेल, याचा प्रत्यक्ष पुरावा कोणाकडेच नव्हता.

७/ १९७२ च्या जानेवारीत जाहीर सुनावणी सुरू झाली आणि ती १९७३ पर्यंत लांबली. ओक रिज प्रयोगशाळेतील आयोगाच्याच तज्ज्ञांनी तेथे शंका मांडल्या. अखेर इंधनकांड्यांच्या आवरणाचे तापमान १,२०४ अंश सेल्सिअसच्या पुढे जाता कामा नये, असा नियम ठरला. पुढे आयोगही विसर्जित झाला. १९७५ पासून नियमनाचे काम स्वतंत्र संस्थेकडे गेले.

८/ ९ डिसेंबर १९७८. ‘लॉफ्ट’मध्ये खऱ्या अणुगाभ्यासह मोठी गळती प्रथमच घडवण्यात आली. आवरणाचे तापमान सुमारे ५१६ अंशांवर थांबले. पाणी गाभ्यापर्यंत पोहोचले होते. तोवर देशात साठहून अधिक व्यापारी अणुभट्ट्या चालू होत्या. त्यांचा सारा भरवसा इतकी वर्षे गणितावरच होता.

९/ यानंतर चार महिनेही झाले नाहीत, तोच २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथे अपघात झाला. मोठी नळी फुटली नव्हती. एक झडप उघडी अडकली आणि पाणी हळूहळू जात राहिले. आणीबाणीची यंत्रणा सुरू झाली होती; पण परिस्थितीचा अंदाज चुकल्याने चालकांनी तिचे पाणी कमी केले. गाभ्याचा मोठा भाग वितळला.

१०/ ज्या अपघातासाठी ‘लॉफ्ट’ची आखणी झाली, तो हा नव्हता. तरीही ती अणुभट्टी हाताशी होती, म्हणून लगेच लहान गळतीच्या चाचण्यांकडे वळता आले. ९ जुलै १९८५ च्या शेवटच्या चाचणीत मधला इंधनगठ्ठा १,८०० अंशांच्या वर तापवून वितळू देण्यात आला. आरंभीच्या बेतातला तो प्रसंग दोन दशकांनी, अनेक देशांच्या सहभागाने आणि काटेकोर नियंत्रणाखाली घडला.

११/ ‘लॉफ्ट’चे उत्तर दिलासा देणारे होते, ही सुदैवाची गोष्ट. ते वेगळे आले असते, तर साठ केंद्रांपुढे कोणता मार्ग उरला असता? चाचणीची जागा बांधकामाच्या आधी असते. येथे तो क्रम उलटला. राष्ट्रीय प्रयोगशाळेची आखणी करताना आजचा प्रश्न लिहिणे सोपे असते. उद्या प्रश्न बदलला तरी उपयोगी पडेल अशी यंत्रणा, आणि तीही वेळेत, उभी करणे हेच खरे अवघड काम.