होडीचा पाटा

देवबागेचा वाळूचा दांडा निमुळता होत जेथे संपतो, त्या कर्लीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत ओहोटीचे पाणी ज्या आवेगाने बाहेर धावते आणि पश्चिमेकडून येणाऱ्या लाटांना ज्या त्वेषाने भिडते, तो देखावा तीरावरून रमणीय वाटत असला, तरी लहान होडीतील माणसास त्याचे स्वरूप निराळे भासते. एका मार्गशीर्षात, घरची पाच माणसे होडीत असताना, आमचे १५ अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक इंजिन त्या ओढीपुढे इतके क्षीण झाले, की तीरावरचे एकच सुरूचे झाड कितीतरी वेळ माझ्या दृष्टीसमोरून हलेना. त्या दिवशी मी इंजिन बदलण्याचा निश्चय केला.

वडिलांनी घेतलेली ही १८ फुटी फायबरची होडी ४० अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन पेलेल, असे तिच्या मूळ दस्तऐवजात नमूद होते आणि विक्रेत्यानेही तेवढ्यावरच माझी खातरजमा केली. परंतु तो दस्तऐवज ज्या काळचा, त्या काळी ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन सुमारे ७० किलो भरत असे, आणि आजचे तेवढ्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन झडपा, त्यांना चालविणारा दांडा व तेलाचे स्वतंत्र पात्र बाळगीत असल्यामुळे १०० किलोंच्या घरात जाते, ही गोष्ट त्याने मला सांगितली नाही. अश्वशक्तीची मुभा म्हणजे वजनाची मुभा नव्हे, हे मला आमच्या वृद्ध तांडेलाकडून कळले. होडी किनाऱ्यावर ओढल्यानंतर त्याने पिछाडीच्या पाट्यावर लाकडी हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिले. कडेला टणक नाद उमटे, मध्यावर मात्र बद्द आवाज येई.

"गुरुजी, हिचो पाटो आतून कुजलो हा. ह्या वजन तो कसो झेलतलो?"

बारीक छिद्र पाडताच आतून प्लायवुडचा काळपट, ओला भुगा बाहेर आला. जुन्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाझरलेल्या पाण्याने, बाहेरून अभंग दिसणारा तो पाटा आतून पोखरला होता. आणि त्याच पाट्यावर विसंबून मी माझी माणसे त्या मुखाशी नेली होती, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

मे महिन्यातील कोरड्या उन्हात काम आरंभिले. आतील फायबरचा थर कापून कुजका भाग निःशेष काढला, १८ मिलिमीटरचे दोन सागरी प्लायवुड एकजीव करून बसविले, त्यांवर फायबरचे थर चढविले आणि पाट्यावरील ताण तळात व कडांत वाटला जावा म्हणून दोन्ही अंगांस तिरके आधार जोडले. उन्हाने रेझिन भराभर घट्ट होई, म्हणून ते वाटीवाटीने कालवावे लागे. नव्या इंजिनाचा पाय २० इंची, जुन्याचा १५ इंची. सबब पाटाही ५ इंच उंच केला, आणि मागून येणारी लाट होडीत शिरण्याचे भय त्यायोगे पुष्कळ उणावले. बोल्टांचे प्रत्येक भोक तांडेलाने स्वहस्ते लुकणाने भरले. ते काम त्याने दुसऱ्या कोणास करू दिले नाही. बंदर कचेरीत नोंदीतील फेरफाराचा अर्जही याच सुमारास गुदरला.

पावसाळा सरल्यावर होडी पाण्यात लोटली, तेव्हा तिची पिछाडी पूर्वीपेक्षा चार बोटे खाली बसली आणि पाणी निचरण्याची भोके थेट पाण्याखाली गेली. बॅटरी व पेट्रोलची टाकी नाळेकडे हलविल्यावर ती दोन बोटे सावरली, भोकांना बुचे करून घेतली. पहिल्या फेरीत पूर्ण वेगातही इंजिनाचे फेरे मिनिटास ४,८०० च्या वर जाईनात, आणि पुस्तिकेत तर ५,००० ते ६,००० ची मर्यादा दिलेली. पंखा फार तिरप्या पात्यांचा, म्हणजे एका फेऱ्यात अधिक अंतर कापू पाहणारा होता. २ इंच कमी पिचचा पंखा लावताच फेरे ५,२०० वर गेले आणि इंजिनाचा दबलेला, घुसमटलेला स्वर मोकळा झाला.

पुढच्या पौर्णिमेस ओहोटी ऐन भरात असताना आम्ही दोघेच मुद्दाम त्या मुखाशी गेलो. अर्ध्या वेगातच ते सुरूचे झाड मागे सरकू लागले. मी त्याकडे पाहत होतो. तांडेल मात्र पाठमोरा बसून, पाट्यावर तळहात टेकून, त्यातील कंप चाचपीत होता.