पाटीमागे बसताना

आमच्या नेवासा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत हल्ली बाल आनंद मेळावा भरतो. पोरं पटांगणात मेथीच्या जुड्या, लिंबं, घरचा चिवडा मांडून बसतात. दोन-चार जण खणखणीत ओरडतात. बाकीचे मान खाली घालून त्याच जुड्या पुन्हा पुन्हा सारख्या करतात. मी या दुसऱ्या जातीचा.

आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, पैस खांबाच्या देवळाकडे वारकऱ्यांची रीघ लागते. उपासाचं काहीही खपतं. आत्यानं मला त्या रस्त्यावर भाजलेल्या शेंगांच्या पाटीमागे बसवलं. ज्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथं माझ्या तोंडून "शेंगा घ्या" एवढं निघेना! आत्या रागावली नाही. म्हणाली, "आधी तू खा चार." खाल्ल्या. खरपूस होत्या. मग कुणी "मऊ पडल्या नाहीत ना?" असं विचारलं, की उत्तर आपसूक येऊ लागलं. पावसाळी हवेत तो प्रश्न सगळेच विचारत.

पण खरी गोष्ट पुढेच होती. एका आजीबाईंनी शेंग फोडून खाल्ली, भाव ऐकला आणि सरळ चालू लागल्या. माझे कान तापले. मागोमाग आणखी एकानं तसंच केलं. दुपारपर्यंत लक्षात आलं, की निघून जाणाऱ्यांतल्या एकानंही माझ्या तोंडाकडे नीट पाहिलेलं नाही. त्यांना शेंगा महाग वाटल्या होत्या, इतकंच. माझी लाज मी एकटाच सांभाळत बसलो होतो. त्यानंतर आवाज मोकळा झाला. आरशासमोर उभं करून आत्मविश्वास शिकवणारी शिबिरं मला म्हणूनच पटत नाहीत. आरसा कधी "नको" म्हणत नाही.

नेवाशाला बाजार नवा नाही. 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली. परमुलखातला तो माल प्रवरेकाठी पहिल्यांदा कुणी मांडला असेल, त्याचीही जीभ अडखळली असणार.

मेळाव्यात मात्र एक गोष्ट खटकते. आई-वडील येतात, आपल्याच पोराचा सगळा माल उचलतात, वर सुटे पैसेही परत घेत नाहीत. पोरगं रिकामी पाटी घेऊन खुशीत घरी जातं, पण दिवसभरात त्याला एकही अनोळखी माणूस भेटलेला नसतो. पालकहो, पुढच्या वेळी आपल्या पोराच्या पाटीवरून पुढे जा. शेजारच्याकडे थांबा, भाव करा, आणि पटला नाही तर न घेता खुशाल निघा.