पाचांत एक चेंडू

बंगळूरच्या हलसूर भागात गौतमपुर नावाची एक दाटीची वस्ती आहे. तिथे बुद्ध, डॉ. आंबेडकर आणि मदर तेरेसा यांच्या पंक्तीला ब्राझीलच्या पेले यांचाही पुतळा उभा आहे. परगावाहून आलेल्याला ही पंगत विचित्र वाटते. वस्तीला तसे काही वाटत नाही. संध्याकाळी पोरे दप्तरे घरात टाकून बाहेर पडतात आणि अंधार पडेपर्यंत एका चेंडूमागे धावत राहतात. चेंडू बहुधा कोणा एकाच्या मालकीचा असतो. संघ निवडताना त्या मुलाला कोणी वगळत नाही. तो रुसून घरी निघाला तर सगळे त्याची मनधरणी करतात. मात्र खेळ सुरू झाला की सर्वांत कठीण धडा त्यालाच गिरवावा लागतो. चेंडू आपला असूनही तो पायाशी धरून ठेवता येत नाही. धरून ठेवला तर दोघे-तिघे अंगावर येतात, आणि मग तो आपलाही राहत नाही आणि आपल्या माणसाचाही होत नाही.

क्रिकेटमध्ये पाळी असते. फलंदाजाची पाळी आली की बाद होईपर्यंत ती त्याची. तिच्यावर दुसऱ्याचा हक्क नाही. फुटबॉलमध्ये पाळी नाही. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एखाद्या आघाडीवीराच्या पायाशी चेंडू सगळा मिळून काही मिनिटेच राहतो. उरलेला सगळा वेळ तो चेंडूवाचून धावत असतो, आणि त्याची खरी परीक्षा त्या धावण्यातच होत असते. चार-पाच कसबी माणसे एकाच फळीत खेळू लागली म्हणजे तर प्रश्न फारच नाजूक होतो. सामान्य खेळाडूला चेंडू देऊन टाकणे सोपे असते. त्याला स्वतःच्या पायांचा भरवसाच नसतो. ज्याला चौघांना चकवून जाता येते, त्याने पाचव्याकडे चेंडू का द्यावा?

या प्रश्नाचे एक उत्तर बंगळूरच्या मातीतून निघाले आणि कोलकात्यात जाऊन फुलले.

मराठी माणसाला बंगळूर म्हटले की शहाजीराजांची जहागीर आठवते, मग बागा, आणि अलीकडे संगणक. फुटबॉल सहसा आठवत नाही. पण इंग्रजांनी 1809 मध्ये इथे लष्करी छावणी वसवली आणि पुढे पलटणींबरोबर हा खेळ छावणीच्या कवायत-मैदानांवर आला. गोऱ्या शिपायांचा खेळ कडेला उभे राहून पाहणाऱ्या पोरांनी तो अनवाणी पायांनी उचलला. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा 1891 मध्ये सुरू झाली. पुढची कित्येक वर्षे तिच्यावर गोऱ्या पलटणींचीच नावे कोरली जात होती. ती परंपरा 1937 मध्ये ‘बंगळूर मुस्लिम्स’ या संघाने मोडली आणि 1938 मध्ये चषक पुन्हा जिंकला. मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत हे घडले, तरी मराठी क्रीडावाङ्मयात त्याची फारशी नोंद दिसत नाही. आपल्या लेखण्या तेव्हा पंचरंगी क्रिकेट सामन्यांत गुंतल्या होत्या. असो.

1946-47 च्या संतोष चषकात म्हैसूरने बंगालला हरवले. 1948 मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल संघ लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्यात गोलरक्षक वरदराज, रामन, वज्रवेलू, धनराज आणि अहमद खान अशी म्हैसूर संस्थानातल्या फुटबॉलची नावे होती. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. सारंगपाणी रामन यांनी बरोबरीचा गोल केला. स्वतंत्र भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय गोल. दोन पेनल्टी वाया गेल्या, एक शैलेन मन्ना यांच्याकडून आणि एक महावीर यांच्याकडून. अखेरच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल केला आणि सामना 2-1 असा गेला.

लंडनहून परतलेल्यांपैकी अहमद खान 1949 मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबात दाखल झाले. वय अवघे बावीस. क्लबचे सूत्रधार ज्योतिषचंद्र गुहा यांनी दक्षिणेतून एकेक माणूस वेचून आणायचा सपाटा लावला होता. काकिनाड्याचे अप्पाराव सर्वांत आधी, दुसरे महायुद्ध चालू असतानाच येऊन मुरले होते. केरळचे सालेह त्यांच्या मागून आले; पुढे वेंकटेश आले, बंगळूरचे धनराज आले. अहमद आले आणि ओळ पुरी झाली. राइट-आउट वेंकटेश, राइट-इन अप्पाराव, सेंटर फॉरवर्ड धनराज, लेफ्ट-इन अहमद आणि लेफ्ट-आउट सालेह. पाचांतला एकही बंगाली नव्हता. तरी कोलकात्याने त्यांना नाव दिले ते ‘पंचपांडव’.

नाव देणाऱ्यांच्या मनात कदाचित पाच हा आकडाच असेल. पण महाभारत ज्याच्या कानांवरून गेले आहे, त्याला या नावात कुंतीचा आवाज ऐकू आल्यावाचून राहत नाही. मुलांनी दाराबाहेरून सांगितले की भिक्षा आणली आहे, आणि आईने मागे न पाहताच म्हटले की पाचांनी मिळून वाटून घ्या. उपमा फार ताणू नये. द्रौपदी ही वस्तू नव्हती, आणि तिला कोणी विचारले नाही ही त्या कथेतली सल अजून गेलेली नाही. कथेचा पुढचा भाग मात्र इथे लागू पडतो. नुसते ‘वाटून घ्या’ म्हणून भागत नाही हे नारदाने ओळखले, आणि भावांनी आपसात नियम करून घेतला: एकाच्या एकांतात दुसऱ्याने पाऊल टाकायचे नाही. तो नियम मोडला म्हणून अर्जुनाला, म्हणजे पाचांतल्या सर्वांत कुशल माणसालाच, बारा वर्षे वनवास पत्करावा लागला.

त्या काळच्या फुटबॉलमध्येही असाच एक अलिखित करार होता. मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच, अशी ती रचना. पाचांना मैदानाचे पाच उभे पट्टे वाटून दिलेले. दोन्ही कडांचे राइट-आउट आणि लेफ्ट-आउट रेषेला धरून धावायचे, मधल्या सेंटर फॉरवर्डने गोलाच्या तोंडाशी उभे राहायचे. आणि या तिघांच्या मधल्या दोन फटींत राइट-इन आणि लेफ्ट-इन. सामान्य प्रेक्षकाचे डोळे कडेच्या वेगावर आणि मधल्या गोलावर असत. जाणकार मात्र या दोन ‘इन’ खेळाडूंकडे पाहत, कारण पंगतीतले वाढपी तेच. मागून आलेला चेंडू त्यांनी घ्यायचा, क्षणभर थांबवायचा, आणि कोणाच्या पानात कधी वाढायचे ते ठरवायचे. वाढप्याने पंक्तिप्रपंच केला, एकालाच पुन्हा पुन्हा वाढले, की पलीकडचा माणूस उपाशी राहतो. आणि उपाशी राहिलेला विंगर तासाभराने धावणेच सोडून देतो. प्रतिपक्षालाही मग मैदानाची ती बाजू राखावी लागत नाही, आणि ज्याला भरपूर वाढले गेले त्याच्याभोवती तिघांचा वेढा पडतो. चेंडू पाचांत फिरवणे हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. शत्रूला पाच ठिकाणी जागे ठेवण्याचा तो उपाय आहे.

अप्पाराव वाढपी शोभावेत असेच होते: वयाने वडील आणि डोक्याने शांत. अहमद यांची गोष्ट निराळी. चेंडू पायाला चिकटवून नेण्याची त्यांची हातोटी अशी होती की लोकांनी त्यांना गारुडी म्हणायला सुरुवात केली. अनवाणी पाय हे त्यातले मोठे साधन. बुटाच्या कातड्याला जे कळत नाही ते अंगठ्याला आणि तळव्याला कळते. चेंडू किती फिरतो आहे, किती जड झाला आहे, हे कातडीला कातडी लागताच उमजते. आता, ज्या गारुड्याचा खेळ पाहायला माणसे दुपारपासून रांगेत उभी राहत, त्याने पुंगी मध्येच थांबवून नाग दुसऱ्याच्या टोपलीत सोडावा, हे मागणे सोपे नाही. प्रेक्षकांना एका माणसाने तिघांना चकवलेले हवे असते. तिघे अंगावर येताच त्याने चेंडू बाजूला सरकवला, तर पहिल्या क्षणी त्यांचा विरसच होतो.

अहमद यांनी दोन्ही गोष्टी कशा साधल्या, याचे उत्तर खेळाच्या रचनेत शोधावे लागते. ते चेंडू धरत, पण वाटण्यासाठी धरत. दोन बचावपटू स्वतःकडे ओढून घ्यायचे, म्हणजे डावीकडे सालेह आणि मध्ये धनराज मोकळे होतात. आणि मग द्यायचे. फार लवकर दिले तर घेणाऱ्याभोवती गर्दी असते. उशीर केला तर चेंडूच जातो. देण्याला मुहूर्त असतो. हातात भरपूर असताना, आणि आणखी थोडे ठेवून घेण्याचा मोह सर्वांत अधिक असताना, नेमका तो मुहूर्त येतो.

या पाचांनी 1949 च्या एकाच वर्षात कोलकाता लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक असे तिन्ही मान क्लबला मिळवून दिले. शील्ड तर 1949, 1950 आणि 1951 अशी सलग तीन वर्षे ईस्ट बंगालकडे राहिली. पुढे 1951 आणि 1952 मध्ये दिल्लीचा ड्युरँड चषकही आला. ही यादी इथेच थांबवणे बरे. तिच्यामागे उभा असलेला जमाव अधिक महत्त्वाचा आहे.

मराठीत ‘वाटणे’ या एका क्रियापदापासून दोन उलट्या गोष्टी निघतात. भाऊ भाऊ ‘वाटणी’ करतात तेव्हा घरात भिंत उभी राहते, चुली दोन होतात. आणि तेच भाऊ ‘वाटून’ खातात तेव्हा अर्ध्या भाकरीने भागते. ईस्ट बंगाल क्लब 1920 मध्ये निघाला तो पूर्व बंगालातून आलेल्यांचा अभिमान म्हणून. 1947 च्या वाटणीने त्या लोकांचे गावच परदेश झाले. घर, शेत, तळे मागे टाकून लक्षावधी माणसे कोलकात्याच्या फलाटांवर आणि निर्वासितांच्या वसाहतींत येऊन पडली. हाती काही उरले नव्हते. क्लबचे नाव मात्र त्यांच्या गेलेल्या मुलुखाचे होते. त्या नावासाठी मैदानात उतरणारी पाच माणसे आंध्रातली, केरळातली, बंगळूरची. एका वाटणीत सर्वस्व गेलेल्या जमावाने, ज्यांचा आपल्याशी भाषेचाही संबंध नाही अशा पाचांना एक चेंडू वाटून घेताना पाहिले आणि आपले मानले. त्या गर्दीने ‘पांडव’ हे नाव उगीच निवडले नसावे. पांडवांचेही राज्य गेले होते.

बंगळूरच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. या शहराने खेळाडू घडवले आणि दुसऱ्यांच्या पानात वाढले. नोकरी, पैसा आणि नाव यांसाठी त्या काळी कोलकाता गाठावेच लागे. आणि कोलकात्याला चेंडूबद्दल जे प्रेम होते ते इतरत्र कोठून मिळणार? तरीही 1952-53 मध्ये म्हैसूरने संतोष चषक पुन्हा जिंकला, म्हणजे वाढूनही टोपले रिकामे झाले नव्हते. त्याचे श्रेय छावणीभोवतालच्या गल्ल्यांना द्यायला हवे.

1951 मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने मेवालाल यांच्या गोलावर इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्या संघात अहमद आणि वेंकटेश होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये थंड हवेत आणि परक्या मैदानावर युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे हरवले. त्या पराभवानंतर आपल्या महासंघाने बूट सक्तीचे केले. त्यात चूक काही नव्हती. ओल्या गवतावर अनवाणी पायाला पकड मिळत नाही. पण बुटांनीच सगळा फरक पडला, हे म्हणणे आळशीपणाचे होते. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात हंगेरीने 2-0 असे हरवले, आणि 1953 च्या नोव्हेंबरात वेम्बलीवर इंग्लंडलाही 6-3 असे धुऊन काढले. हंगेरीचे बूट इंग्लंडच्या बुटांहून वेगळे नव्हते, वाटणे वेगळे होते. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी गोलापाशी उभा न राहता मागे येई, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत बाकीचे घुसत. पाच माणसांना पाच पट्टे हा जुना करार तिथे संपला. रहीम यांनी आपल्याकडे हे फार लवकर ओळखले आणि भारतीय संघाची घडी बदलायला घेतली.

1953 मध्ये ईस्ट बंगालचा संघ रुमानिया आणि सोव्हिएत रशियाचा दौरा करून आला. त्यानंतर पाचांची ती ओळ एकत्र राहिली नाही. अहमद मात्र 1959 पर्यंत त्याच क्लबात खेळत राहिले. दुसऱ्या जोडीदारांना वाढत राहिले. पुढे ते बंगळूरला परतले आणि 27 ऑगस्ट 2017 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी, तिथेच निवर्तले. तोवर शहर पुरते पालटले होते. संपंगी तळ्याच्या जागेवर कंठीरव स्टेडियम उभे होते, आणि 2013 मध्ये निघालेल्या बंगळूर एफसीने कोलकात्याची वाट न धरता इथेच विजेतेपद मिळवता येते हे दाखवून दिले होते.

हेलसिंकीच्या त्या सामन्यात युगोस्लाव्हियाचे दहा गोल झाल्यावर, खेळ संपायला मिनिटभर उरले असताना, भारताचा एकुलता एक गोल झाला. तो अहमद खान यांचा. निकाल कधीच लागलेला होता. प्रतिपक्षाने अंग सैल सोडले असेल. तरीही चेंडू कोणाकडून तरी आला, कोणी तरी धावून जागा मोकळी केली, आणि गारुड्याने या वेळी तो पुढे दिला नाही. ऑलिंपिकच्या नोंदींत गोलापुढे त्यांचे नाव आहे. चेंडू देणाऱ्याचे नाव लिहिण्याची त्या काळी पद्धत नव्हती.