केशरी रताळे

सियालदहच्या आसपास बिऱ्हाड केलेल्या माणसाला भाजीची ददात नसते. पहाटेच्या गाड्यांतून नदिया आणि चोवीस परगण्यांतल्या टोपल्या उतरतात, आणि आम्ही कारकून मंडळी अंथरुणात असतानाच कोले मार्केटचा अर्धा व्यवहार आटोपलेला असतो. रताळ्यांना येथे ‘रांगा आलू’ म्हणतात. साल तांबडी म्हणून रांगा. आतून मात्र ती बहुधा आपल्याकडल्यासारखीच पांढरी.

यंदा महाशिवरात्रीला आई माझ्याकडे होती. आदल्या दिवशी कचेरीतील एका बंगाली सहकाऱ्याने नदियातील आपल्या परसातली चार रताळी मला आणून दिली. सकाळी आईने ती उकडली, एक सोलले आणि ती थबकली. आतला गर गडद केशरी होता.

“अरे, हे रताळे की गाजर? उपासाला चालेल का?”

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. कचेरीत टिपणे लिहिताना त्या विद्येचा उपयोग कधी झाला नव्हता. संधी साधून मी सांगू लागलो. हा रंग बीटा-कॅरोटीनचा. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. प्रत्येक हिरव्या पानात ते असते, पण कंदात ते साठवावे की नाही हे त्या जातीच्या आनुवंशिकतेवर ठरते. पांढऱ्या रताळ्यात ते नावालाच असते. उलट तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या ‘भू सोना’ या २०१७ साली प्रसारित झालेल्या जातीत ते शंभर ग्रॅममागे १४ मिलिग्रॅम असते.

अशी जात काढणे सोपे नाही. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, रताळ्याच्या पेशीत सहा. एकूण गुणसूत्रे ९०. त्यामुळे संकराचे बी पेरले की प्रत्येक रोप निराळे निघते, आणि त्यांतून हवे ते निवडीत बसावे लागते. शिवाय गर केशरी होऊ लागला की बहुधा त्यातले पिष्ट घटते आणि रताळे पाणचट लागते. पौष्टिक पण बेचव कंदाला कोणता शेतकरी वावर देईल? ‘भू सोना’त पिष्ट सुमारे २० टक्के राखले आहे, हेच त्यातले कौशल्य. एकदा जात साधली की मात्र काळजी नाही. वेलाचा तुकडा कोठेही लावा, तो मूळ वेलाचाच गुण घेऊन वाढतो.

आईने माझे व्याख्यान निमूटपणे ऐकले आणि मग विचारले, “म्हणजे हे डोळ्यांसाठी?”

मी मान हलवली. ती काही वेळ त्या फोडीकडे पाहत राहिली.

“बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. दिवेलागण झाली की मला काही दिसत नसे. भिंत चाचपीत घरात यायची. भावंडे हसायची. आम्ही तेव्हा मिळतील ती रताळी उकडून खात होतो. पोट भरायचे रे! पुढच्या साली पाऊस झाला, रानात भाजी उगवली, आणि हळूहळू दिसू लागले.”

ही गोष्ट तिने आजवर मला कधी सांगितली नव्हती. पांढरी रताळी तिची भूक भागवीत होती आणि डोळे मात्र उपाशी राहत होते. आनुवंशिकतेचे जे गणित मी परीक्षेपुरते पाठ केले, ते माझ्याच घरात एका मुलीने भिंत चाचपून सोडवले होते.

तिने फोडींवर तूप घातले. स्निग्ध पदार्थासह हे द्रव्य अंगी अधिक लागते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. एक घास खाऊन ती म्हणाली, “गोड आहे. जरा मऊ लागते, पण उपासाला चालेल.”

संध्याकाळी पाहतो तो चारांपैकी एक रताळे तिने न उकडता, कागदात गुंडाळून, आपल्या ट्रंकेत ठेवले होते. गावी परसात लावायला.